तक्रार म्हणजे फारकत नव्हे

मौदा हे नागपूर-भंडारा महामार्गावरचं तालुक्याचं ठिकाण. बाजूनं कन्हान नदी वाहते, आजूबाजूला धानाच्या बांध्या आहेत, आणि जवळच एनटीपीसीचा २,३२० मेगावॉटचा वीजप्रकल्प आहे. त्या प्रकल्पाच्या कामामुळे दूरच्या राज्यांतून आलेली कुटुंबंही आता इथे भाड्याच्या खोल्यांत राहतात. तहसील कार्यालय, पंचायत समिती, पोलीस ठाणं, ग्रामीण रुग्णालय आणि न्यायालय एकाच गावात आहेत. घरात मार सोसणाऱ्या बाईचं काही ना काही काम यांतल्या जवळपास प्रत्येक दारात होऊ शकतं. तरीही वर्षानुवर्षं मार खाणारी बाई यांतल्या एकाही दाराशी जात नाही, आणि त्याला तिचं भित्रेपण कारणीभूत आहे असं मला मुळीच वाटत नाही.

तिला सासरी एक वाक्य ऐकवलेलं असतं आणि बहुतेक वेळा माहेरीही तेच: "ठाण्यात गेली तर मग संसार सरला." तक्रार केली की नवरा आत जाणार, तो सुटून आला की घराचं दार बंद होणार, लेकरं कोणाकडे राहतील याचा पत्ता नाही, आणि शेवट फारकतीत होणार. एवढी मोठी किंमत समोर दिसत असेल तर कोणतीही शहाणी बाई गप्पच बसेल. या हिशेबातला मोठा भाग मात्र चुकीच्या माहितीवर उभा आहे. 'घरगुती हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५' हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. फारकत न घेता, पोलिसांत गुन्हा न नोंदवता, त्याच घरात राहून मार थांबवण्याचा आदेश न्यायालयाकडून मागता यावा, हाच त्या कायद्याचा हेतू आहे. त्याच्या आधी १९८३ पासून भारतीय दंड संहितेत कलम ४९८अ होतं, त्यात नवऱ्याला किंवा सासरच्यांना शिक्षा करण्याची सोय होती. पण शिक्षा होईपर्यंत बाईनं राहायचं कुठे, खायचं काय, लेकरांना शाळेत घालायचं कसं, यावर ते कलम काही बोलत नव्हतं. २००५ च्या कायद्यानं याच प्रश्नांना हात घातला. जेलच्या भीतीनं गप्प असलेल्या बाईला हा दुसरा रस्ता कोणी तरी समजावून सांगायला हवा.

गप्प बसणाऱ्या बायका किती असतील? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी २५.२ टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. देशाचा आकडा २९.३ होता. महाराष्ट्रात चारपैकी एक. त्याच सर्वेक्षणानुसार देशभरात हिंसा सोसलेल्या बायकांपैकी जेमतेम १४ टक्के जणींनी कोणाकडे मदत मागितली होती. ज्यांनी मागितली त्या बहुतेक आपल्याच घरच्या माणसांकडे गेल्या. पोलीस, वकील, डॉक्टर यांच्यापर्यंत पोचलेल्या थोड्याच. रोवणीला एका बांधीत दहा-बारा बाया वाकलेल्या असतात. त्यांतल्या दोघी-तिघींच्या घरी हे घडलेलं असू शकतं आणि शेजारी पऱ्हे लावणाऱ्या बाईलाही ते ठाऊक नसतं.

आधी हिंसा कशाला म्हणायचं ते बघू. आपल्याकडे वळ उठला, हाड मोडलं, रक्त आलं तरच 'मारलं' असं धरतात. कायद्याची नजर त्याहून पुष्कळ लांबची आहे. मारहाण तर आहेच, पण बळजबरीचा शरीरसंबंध, मूल होत नाही किंवा मुलगा होत नाही म्हणून रोजचे टोमणे, चारित्र्यावर संशय, माहेरी जाऊ न देणं, "जाळून टाकीन" अशी धमकी, हेही त्यात येतं. आर्थिक छळाची तर कायद्यात वेगळी व्याख्याच आहे. घरखर्चाला पैसे न देणं, तिचे दागिने गहाण टाकणं, तिची मजुरी काढून घेणं, ती राहते ती खोली विकायला काढणं, हे सगळं त्या व्याख्येत बसतं. लाडकी बहीण योजनेचे महिन्याचे पंधराशे रुपये २०२४ पासून बायकांच्या खात्यात जमा होऊ लागले. ते पैसे निघाल्या दिवशीच हिसकावले जात असतील, एटीएम कार्ड आणि पिन नवऱ्याच्याच खिशात असेल, तर या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याला तेही सांगायचं असतं. हा काही घरातला किरकोळ कुरबुरीचा विषय नाही.

हा कायदा फक्त बायकोपुरताही नाही. मुलगा मारतो म्हणून आई, भाऊ हाकलतो म्हणून बहीण, लग्न न करता नवराबायकोसारखी सोबत राहणारी बाई, विधवा सून, या सगळ्या त्याच्याखाली अर्ज करू शकतात. छळ करणारी सासू किंवा नणंद असेल तर तिच्याविरुद्धही दाद मागता येते. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दाद कोणाविरुद्ध मागता येते त्या व्याख्येतले 'प्रौढ पुरुष' हे शब्द काढून टाकले तेव्हापासून याबद्दल शंका उरलेली नाही.

आता दारूबद्दल. या भागात कोणत्याही बाईला विचारा, पहिलं उत्तर तेच येतं: "पेऊन आला की मारते, नाही तर माणूस चांगला आहे." दारूनं घरं उद्ध्वस्त होतात, हे खरंच आहे. बाबा जुमदेवजींच्या परमात्मा एक सेवक मंडळाचा मोठा आश्रम मौद्यालाच आहे. व्यसन सोडण्याची त्यांची शिकवण मानून दारू टाकलेली पुष्कळ कुटुंबं या पट्ट्यात आहेत, आणि त्या घरांतल्या बायकांना त्यामुळे मिळालेला दिलासा मोठा आहे. पण दारू सुटेपर्यंत मार सोसत राहायचा, असा त्याचा अर्थ कोणी काढू नये. दारू प्यालेला माणूस ठाणेदाराला मारत नाही, मालकाला मारत नाही, बारमध्ये बसलेल्या आडदांड माणसाच्या वाटेला जात नाही. घरी येऊन बायकोला मारतो. कोणाला मारलं तर काही होणार नाही, याची त्याला प्यालेल्या अवस्थेतही नेमकी जाण असते. दारूमुळे मार वाढतो, जास्त जोराचा होतो, पण मारायचा अधिकार आपल्याला आहे हा समज दारूच्या आधीपासून घरात असतो. म्हणून व्यसनमुक्तीचे प्रयत्न आणि बाईच्या सुरक्षिततेची सोय, दोन्ही एकाच वेळी करायला हवं.

सगळी हिंसा सारख्या धोक्याची नसते. काही खुणा दिसल्या तर बाईनं आणि तिच्या माणसांनी लगेच सावध व्हायला हवं. त्यांतली सर्वांत गंभीर खूण म्हणजे गळा दाबणं. एकदा जरी गळा दाबला असेल, तरी पुढे जीव जाण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो, असं अमेरिकेतल्या जॅकलिन कॅम्पबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासांतून समोर आलं आहे. गळा दाबल्यावर बाहेर वळ दिसेलच असं नाही. आवाज घोगरा होणं, गिळताना दुखणं, श्वास लागणं, डोळ्यांत लाल ठिपके येणं, चक्कर, अंधारी ही लक्षणं काही तासांनीही दिसू लागतात, आणि आतली सूज नंतर वाढत जाऊ शकते. अशा वेळी हळद-दूध पिऊन झोपायचं नाही, दवाखान्यात जायचं. बाई गरोदर असताना मारणं, विळा-कुऱ्हाडीचा धाक, रॉकेल किंवा पेट्रोल अंगावर ओतल्याची नुसती "दाखवण्यापुरती" कृती, सतत पाळत, आणि "तूही मरशील, मीही मरीन" असं बोलणं, याही तितक्याच गंभीर खुणा आहेत.

सगळ्यांत धोक्याची वेळ असते ती बाई घर सोडायला निघते तेव्हाची आणि सोडल्यानंतरच्या काही आठवड्यांची. आपला ताबा सुटतो आहे हे कळल्यावर सत्ता गाजवणारा माणूस सर्वांत हिंसक होतो, हे त्याच अभ्यासांत दिसलं. "मग निघून का नाही येत?" असं विचारणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. ती निघत नाही त्यामागे पुष्कळदा तिचा स्वतःचा अचूक अंदाज असतो. म्हणून रागाच्या भरात, भांडणाच्या मध्यावर, "मी चालले" असं तोंडावर सांगून निघू नये. आधी तयारी करावी, आणि तयारीचा कोणाला सुगावा लागू देऊ नये.

ही तयारी कशी करायची? सर्वांत आधी एका माणसाला सांगायचं. आई, बहीण, बचत गटातली मैत्रीण, आशाताई, अंगणवाडीताई, कोणीही, पण जिच्या तोंडून गोष्ट बाहेर जाणार नाही आणि जिचा फोन रात्रीही लागेल अशी. तिच्याशी एक खुणेचा शब्द ठरवून ठेवावा. "उद्या हळदीकुंकू आहे का?" असा साधा निरोप आला की तिनं प्रश्न न विचारता ११२ या आपत्कालीन नंबरवर फोन लावायचा. घरातली लेकरं थोडी मोठी असतील तर त्यांनाही शिकवावं की भांडणाच्या मधे पडायचं नाही, अमुक काकूंच्या घरी पळायचं आणि ११२ लावायचा. मुलं बापाच्या आणि आईच्या मध्ये उभी राहतात आणि तीच जखमी होतात, असं फार वेळा घडतं. भांडण पेटायला लागलं की स्वयंपाकघरात थांबू नये. तिथे विळी, सुरी, गॅस, उकळतं तेल सगळं हाताशी असतं. आतून कडी लागणारी न्हाणी किंवा एकच दार असलेली खोली हीही वाईट जागा. ओसरीकडे, रस्त्याकडे, लोकांच्या नजरेत राहील असं सरकावं.

कागदांची एक पिशवी घराबाहेर असावी. आधार कार्ड, रेशन कार्डाची प्रत, बँकेचं पासबुक, लग्नाचा दाखला किंवा लग्नाचे फोटो, लेकरांचे जन्मदाखले, शाळेचे कागद, जुन्या मारहाणीच्या दवाखान्याच्या चिठ्ठ्या, दागिन्यांच्या पावत्या. मूळ कागद एकदम गायब झाले तर संशय येईल, तेव्हा आधी फोटोप्रती काढून भरवशाच्या घरी ठेवाव्यात. थोडे पैसे, घराची एक जादा किल्ली, रोजच्या औषधांची एक पट्टीही त्यातच. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धंच तिकीट लागतं, त्यामुळे नागपूर किंवा भंडारा गाठायला फार पैसे लागत नाहीत. पण ते पैसे रात्री दहाला हातात असले पाहिजेत. आपल्या एकटीच्या नावाचं खातं नसेल तर उघडावं, आणि त्यासाठी दिलेला मोबाइल नंबर नवऱ्याच्या फोनचा नसावा.

फोनबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण आता पाळत तिथूनच ठेवली जाते. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडून आपलं खातं दुसऱ्या कुठल्या फोनवर चालू आहे का ते बघावं. लोकेशन शेअरिंग बंद आहे ना, गुगल खात्याचा पासवर्ड कोणाला ठाऊक आहे, हेही बघावं. मदतीच्या नंबरवर बोलून झाल्यावर कॉलची नोंद पुसावी, आणि शक्य असेल तर असे फोन मैत्रिणीच्या किंवा अंगणवाडीताईच्या फोनवरूनच करावेत. जखमांचे फोटो, धमकीचे मेसेज, रेकॉर्डिंग त्या भरवशाच्या माणसाकडे पाठवून आपल्या फोनमधून काढून टाकावं; तिकडे ते तारखेसह जपून राहील.

मारहाण झाल्यावर मी पहिलं दार रुग्णालयाचं सुचवीन. मौद्याच्या ग्रामीण रुग्णालयात जा, किंवा इजा मोठी असेल तर नागपूरच्या मेडिकल नाही तर मेयो रुग्णालयात. डॉक्टरांना खरं सांगायचं: कोणी मारलं, कशानं मारलं, कुठे मारलं. "न्हाणीत पाय घसरला" असं एकदा कागदावर आलं की पुढे तोच कागद तिच्या विरोधात वाचला जातो. या कायद्याच्या २००६ च्या नियमांनुसार हातात पोलिसांचा किंवा संरक्षण अधिकाऱ्याचा कोणताही कागद नसला तरी सरकारी दवाखान्याला उपचार नाकारता येत नाहीत. घरगुती घटना अहवाल झालेला नसेल तर तो भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवणं हे त्या दवाखान्याचंच काम आहे, आणि वैद्यकीय तपासणीची प्रत बाईला फुकट मिळायला हवी. बांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'सेहत' या संस्थेनं मुंबई महापालिकेसोबत 'दिलासा' केंद्र उभं केलं ते याच अनुभवातून: ठाण्यात कधीच न जाणारी बाई दवाखान्यात मात्र येते, कारण दुखणं तिला आणतंच.

दुसरं दार संरक्षण अधिकाऱ्याचं. महिला व बालविकास विभागाचा हा अधिकारी कायद्यानं बाईच्या बाजूनं नेमलेला असतो. तो कुठे बसतो हे पंचायत समितीतल्या बालविकास प्रकल्प कार्यालयात किंवा तहसीलमध्ये विचारलं की कळतं; अंगणवाडीताईमार्फत आधीच विचारून ठेवणं सगळ्यांत सोपं. तिथे गेल्यावर घरगुती घटना अहवाल भरला जातो. पहिल्यांदा कधी मारलं, कशावरून, कोणी पाहिलं, दागिने कोणाकडे आहेत, मुलं किती, काय हवं, हे सगळं त्यात येतं. हा अहवाल म्हणजे एफआयआर नव्हे, तो भरला म्हणून नवऱ्याला कोणी उचलून नेत नाही. ज्या तालुक्यांत हे पद रिकामं असतं किंवा एकाच माणसाकडे पाच कामं असतात तिथे बाईला चकरा माराव्या लागतात, हे खरं दुखणं आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जिल्हा आणि तालुका पातळीवर असे अधिकारी नेमण्याचे आदेश सगळ्या राज्यांना दिले ते त्यामुळेच. अधिकारी भेटत नसेल तर बाई वकिलामार्फत किंवा स्वतः थेट न्यायालयात अर्ज करू शकते, हे मात्र विसरू नये.

अर्ज कलम १२ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे होतो. ती कायमची जिथे राहते, तात्पुरती जिथे आली आहे किंवा जिथे काम करते, यांतल्या कोणत्याही ठिकाणच्या न्यायालयात तो चालतो. सासर बालाघाटला असो की पुण्याला, मौद्याला आईकडे आलेली मुलगी मौद्याच्या न्यायालयात अर्ज करू शकते. वीजप्रकल्पावर कामाला आलेल्या बिहारी किंवा तेलुगू माणसाची बायको इथल्या भाड्याच्या खोलीवरून करू शकते. मागता काय येतं? मारू नये, धमकावू नये, तिच्या कामाच्या जागी किंवा मुलांच्या शाळेत येऊ नये असा संरक्षणाचा आदेश. घरातून काढू नये असा निवासाचा आदेश, आणि गरज पडली तर नवऱ्यानंच त्या घराबाहेर राहावं असाही. खर्चाला पैसे, औषधोपचाराचा खर्च, मुलांचा तात्पुरता ताबा, नुकसानभरपाई. "घर सासऱ्याच्या नावावर आहे, तुझा काय हक्क?" हे वाक्य सासरी हमखास ऐकू येतं. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२० मध्ये सतीश आहुजा खटल्यात स्पष्ट केलं की घर सासरच्या माणसाच्या मालकीचं असलं तरी ती तिथे नांदत असेल तर तिचा राहण्याचा हक्क त्या एका कारणानं नाकारता येत नाही. मालकी मिळत नाही, पण छप्परही कोणाच्या मर्जीवर राहत नाही.

कायदा सांगतो की पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी आणि अर्ज साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात साठ दिवसांत निकाल लागणं दुर्मीळ आहे. म्हणून अर्जासोबतच कलम २३ खाली अंतरिम आदेश मागायचा; प्रतिज्ञापत्रावरून, समोरचा हजर नसतानाही न्यायाधीश तो देऊ शकतात. वकिलाच्या फीची काळजी नको. विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार प्रत्येक बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चानं वकील मिळतो. तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे साधा अर्ज द्यायचा किंवा १५१०० वर फोन करायचा.

संरक्षणाचा आदेश हाती आला की त्याच्या प्रती काढून एक ठाण्यात द्यावी, एक जवळ ठेवावी, एक त्या भरवशाच्या माणसाकडे. कारण या आदेशाची खरी ताकद तो मोडल्यावर कळते. आदेश मोडणं हा दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गावाच्या तंटामुक्ती समितीसमोर स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलेल्या माफीनाम्याला अशी ताकद नसते. गावातली चांगली माणसं मधे पडतात, नवरा कान पकडतो, सगळे चहा पितात, आणि पंधरा दिवसांनी परत तेच. समेट करायचाच असेल तर तो न्यायालयाच्या किंवा संरक्षण अधिकाऱ्याच्या कागदावर व्हावा. त्या प्रक्रियेतल्या समुपदेशनात आपण का मारलं याचं समर्थन करायला मारणाऱ्याला मुभाच नाही, तसं नियमांत लिहिलेलं आहे. "तुही काई तरी चूक असंन" हा पंचांचा आवडता प्रश्न तिथे चालत नाही.

पोलीस ठाण्याचं दार शिक्षेसाठी आहे आणि तातडीसाठी. मार चालू असेल, जिवाला धोका असेल तर दुसरा कोणताही विचार न करता ११२. गुन्हा नोंदवायचा असेल तर १ जुलै २०२४ पासून ४९८अ च्या जागी भारतीय न्याय संहितेची कलमं ८५ आणि ८६ आहेत. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. हद्द कोणाची यावरून परत पाठवलं तर 'झिरो एफआयआर' हा शब्द उच्चारावा, कोणत्याही ठाण्याला ती घ्यावीच लागते. माहेरी आश्रय घेतलेल्या बाईला माहेरच्या गावातूनही छळाचा गुन्हा नोंदवता येतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये सांगितलं आहे. ठाणं ऐकतच नसेल तर तीच तक्रार लेखी, पोस्टानं नागपूर ग्रामीणच्या पोलीस अधीक्षकांकडे पाठवावी आणि पोचपावती जपावी. गुन्हा नको, फक्त समज द्यायची आहे, बोलायचं आहे, असं असेल तर पोलिसांकडच्या महिला साहाय्य कक्षात प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या भेटतात. टाटा समाजविज्ञान संस्थेनं १९८४ मध्ये मुंबई पोलिसांसोबत असा पहिला कक्ष सुरू केला आणि पुढे राज्यानं तो जिल्ह्याजिल्ह्यांत नेला. नागपूर शहर पोलिसांचा याच कामाचा भरोसा सेल २०१७ पासून चालू आहे.

आणि अपरात्री जायला जागाच नसेल तर? १८१ ही महिला मदतवाहिनी चोवीस तास चालते. तिच्यामार्फत सखी वन स्टॉप सेंटरशी जोडून देतात. तिथे दवाखाना, पोलीस, वकील, समुपदेशक यांची एकत्र सोय असते आणि साधारण पाच दिवस मुलींसह आणि लहान मुलग्यांसह राहता येतं. पुढे लांबचा आसरा लागला तर संरक्षण अधिकाऱ्यानं निवारागृहाची व्यवस्था करायची असते. मुलांवर हात उगारला जात असेल तर १०९८. मनात जीव द्यायचे विचार येत असतील तर १४४१६ वर टेली-मानसचे समुपदेशक मराठीत बोलतात. अशी वेळ आलेली बाई वेडी नसते, ती थकलेली असते, आणि त्या रात्री तिच्याजवळ कोणी तरी असायला हवं. हिंसा सोसणारा पुरुष असेल तर २००५ चा कायदा त्याच्या कामाचा नाही, पण ११२, एफआयआर आणि १४४१६ त्यालाही तितकेच खुले आहेत. म्हाताऱ्या आईबापांसाठी १४५६७ ही ज्येष्ठांची मदतवाहिनी आहे.

स्त्रीधनाबद्दल माहेरच्यांनाच सांगतो. लग्नात मुलीला दिलेले दागिने, भांडी, रोख हे तिचं एकटीचं असतं. सासरचे ते फक्त सांभाळत असतात, आणि परत न देणं हा विश्वासघाताचा गुन्हा ठरू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्येच प्रतिभा राणी खटल्यात म्हटलं आहे. तरीही माहेरची माणसं दागिन्यांसाठी भांडतात आणि मुलीला मात्र "चार दिवस राहा, मग आम्ही पोचवून देऊ" म्हणतात. मुलगी बॅग घेऊन दारात उभी राहिली तर पहिला प्रश्न "काय झालं?" असावा. "लोक काय म्हणतील" हा प्रश्न विचारल्यावर ती पुन्हा त्या दारात येत नाही. बहिणीला जागा दिली तर शेतीत वाटा मागेल, ही भीती भावाच्या मनात असते. हिंदू उत्तराधिकार कायद्यात २००५ च्या दुरुस्तीनं तिला तो वाटा तसाही आहे.

शेजाऱ्यांना कायद्यानं मोठीच मोकळीक दिली आहे, ती फार थोड्यांना ठाऊक असते. कलम ४ प्रमाणे कोणीही माणूस, ओळखीचा असो वा नसो, संरक्षण अधिकाऱ्याला हिंसेची खबर देऊ शकतो, आणि ती सद्भावनेनं दिलेली असेल तर त्याच्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. रात्री आवाज आला तर दार ठोठावून साखर मागावी, मोठ्यानं हाक मारावी, चार जण गोळा करून ओसरीत उभं राहावं. मारणारा हात एवढ्यानंही थांबल्याचे अनुभव कार्यकर्त्यांकडे पुष्कळ आहेत. हत्यार दिसलं तर मात्र आत न शिरता ११२. दुसऱ्या दिवशी नवरा कामावर गेल्यावर तिच्याकडे जावं आणि निकाल न देता ऐकावं. "तू सोडत का नाहीस" असं म्हणू नये, कागदांची पिशवी आपल्याकडे ठेवायला तयार आहोत एवढं सांगावं. ती आज नाही म्हणेल. तक्रार करून मागे घेईल, माहेरी येऊन परत जाईल, पुन्हा येईल. दरवेळी तिला तितक्याच आस्थेनं घ्यायचं, कारण ती परत गेली म्हणून मागचा अहवाल, दवाखान्याची चिठ्ठी, ठाण्यातली नोंद रद्द होत नाही; पुढच्या अर्जात ते सगळे कागद तिच्या बाजूनं बोलतात.